ब्राझील सर

कोंढ्याच्या सरांना ब्राझील तोंडपाठ आहे. स्वतः ते पूर्वेला गोंदिया आणि पश्चिमेला पुणे यांच्या पलीकडे गेलेले नाहीत, पुण्यालाही एका लग्नापुरतेच. पण अ‍ॅमेझॉनच्या काठाबद्दल ते पवनीच्या घाटाबद्दल बोलावं तसं बोलतात. दोष त्यांचा नाही. 2018 साली दहावीचं भूगोलाचं पुस्तक बदललं आणि भारत-ब्राझील अशी जोडी लावून अख्खं पुस्तक तुलनेवर बेतलं गेलं. बाकीच्या भूगोल शिक्षकांनी तो अभ्यासक्रम मानला, सरांनी सोयरीक मानली. गावात ‘ब्राझील सर’ हे नाव पडलं तेव्हा त्यांनी वरवर नाराजी दाखवली आणि घरी येऊन बायकोला ते तीनदा सांगितलं.

सरांच्या घरातलं इतकं आतलं कुठून कळलं, असं कोणी विचारील. हे लिहिणारा आणि ते सर एकच चष्मा वापरतात, एवढं सांगून पुढे जाऊ.

मार्च 2020 मध्ये सरांची थोरली दहावीच्या परीक्षेला बसली होती. 3 मार्चला सुरू झालेली परीक्षा 23 मार्चला, सोमवारी, भूगोलाने संपणार होती. झाडीपट्टीच्या नाटकात मोठा नट पहिल्या अंकात येत नाही, प्रेक्षकांना ताटकळत ठेवून येतो. मंडळाने भूगोल शेवटी ठेवला तो याच न्यायाने, असं सरांचं ठाम मत. गणित कसं गेलं, इंग्रजी कसं गेलं, याची त्यांनी धड चौकशीही केली नाही. भूगोल चाळीस गुणांचा. चाळीसपैकी चाळीस, मग पेपरात फोटो, आणि फोटोखाली ‘वडिलांनीच घरी शिकवले’ असं एक वाक्य. ते वाक्य सरांनी मनातल्या मनात दोनदा दुरुस्तही करून ठेवलं होतं.

कोरोनामुळे 21 मार्चला पेपर पुढे ढकलला गेला. 12 एप्रिलला रद्दच झाला. मराठी झाली, बीजगणित झालं, भूमिती झाली, इतिहाससुद्धा झाला. राज्यातली सतरा लाखांवर पोरं अडकली ती भूगोलावर.

“बाबा, तुमचाच पेपर रद्द झाला,” थोरली म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं की नाही, हे सर आजही ठरवू शकलेले नाहीत. भूगोलाचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून देणार, हे कळल्यावर तर त्यांना रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे आता भूगोलात किती पडणार, हे बीजगणित ठरवणार!

मधल्या काळात, 22 मार्चच्या संध्याकाळी, कोरोनाशी लढणाऱ्यांच्या कौतुकाच्या थाळ्या वाजल्या. भंडारा पितळेसाठी नावाजलेला जिल्हा. ‘भाणं’ म्हणजे भांडं हे जिल्ह्याच्या नावातच आहे, असं जुनी माणसं सांगतात. अशा जिल्ह्यात स्टीलच्या ताटल्या बडवायच्या हे सरांच्या आईला पटेना. तिने माळ्यावरची पितळी परात काढायला लावली. परात खाली आली, परातीतली दोन वर्षांपूर्वीची चिंच खाली आली, चिंचेमागोमाग एक पाल आली. तोवर पाच वाजून गेले. सरांनी परातीवर पहिला टोला हाणला आणि नाद ऐकून थांबले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, घंटेसारखा नाद हवा असेल तर तांब्यात कथील पाहिजे, त्याला कासं म्हणतात, हे त्यांनी शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितलं. सांगून होईस्तोवर शेजारच्यांचं वाजवून झालं होतं. अख्ख्या आळीत नुसता सरांचा आवाज उरला. मग सरांनी घड्याळ पाहिलं आणि सवयीने म्हणाले, “ब्राझिलियात आता सकाळचे साडेआठ झाले.”

“चहा पाठवू काय जी त्यांना?” बायको आतून म्हणाली.

धाकटा तेव्हा चौथीत. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, सगळे वरच्या वर्गात, ही घोषणा त्याने मोबाइलवर स्वतः वाचली आणि त्या दिवसापासून शिक्षण या विषयावरचा त्याचा विश्वास उडाला. “पास झालो ना? मग पाढे कायले?” या प्रश्नाला सरांच्या वीस वर्षांच्या अनुभवात उत्तर नव्हतं. तरी त्यांनी ओसरीवर वर्ग भरवला. हजेरी घेतली. एकच नाव होतं. त्यावर धाकट्याने आतून ‘गैरहजर’ असं उत्तर दिलं. मग तो आला, पाच मिनिटं बसला, बोट वर करून एकीला जायची परवानगी मागितली आणि परत आला तो खिशात चार कैऱ्या घेऊन.

“एक पोट्टा सांभाळता येत नाही, शाळेत चाळीस कसे सांभाळता?” बायकोने विचारलं.

सर म्हणाले, चाळीसच सोपे असतात. आणि ते खरंही आहे. चाळीस पोरं एकमेकांना पाहून गप्प बसतात. समोर फळा असतो, मागे घंटा असते, मध्ये सरांचा दरारा असतो. घरात यातलं काहीच नाही. वीस वर्षं जो दरारा आपला समजून मिरवला तो बहुतेक शाळेच्याच मालकीचा होता, आणि शाळेला तर आता कुलूप होतं. त्या संध्याकाळी सर ओसरीवर बराच वेळ नुसते बसून होते. आईने विचारलं, काय झालं? सर म्हणाले, ऊन लागलं.

पण सर हार मानणारे नव्हते. त्यांनी आठवीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि रोज सकाळी नऊला धडा, असं जाहीर केलं. पहिला दिवस निवडला 28 मार्च. दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली ती त्याच दिवशी, त्याच वेळेला. 1987 मध्ये ज्या मालिकेसाठी सर स्वतः शेजाऱ्यांच्या खिडकीला लोंबकळले होते, तिच्यासमोर आता ते प्रतिस्पर्धी म्हणून उभे होते. निकाल काय लागला ते सांगायची गरज नाही. सरांची आईसुद्धा मुलाच्या धड्याला बसली नाही. हात धुऊन, पदर सावरून टीव्हीसमोर बसली.

मग सरांनी व्हिडिओ करायचं ठरवलं. फळा नव्हता, म्हणून लोखंडी कपाटावर खडूने नकाशा काढला. नकाशा ब्राझीलचा. आठवीच्या अभ्यासक्रमात ब्राझील नाही, ही हरकत थोरलीने घेतली. मोबाइल तिच्या हातात होता म्हणून सरांनी ती ऐकून घेतली आणि सुरुवात केली.

आता ब्राझीलचा विषय निघालाच आहे, तर वाचकांनी जरा टेकावं. या देशाला नाव मिळालं ते एका झाडावरून. लाल रंग देणारं पाऊ-ब्राझील नावाचं झाड. देश आपल्या अडीचपटीहून मोठा आणि माणसं एकवीस कोटींच्या आसपास. राजधानी रिओ दि जानेरोहून उचलून 1960 साली आत पठारावर नेली, मोकळ्या माळावर नवं शहर बांधून. आपल्याकडे ग्रामपंचायतीची इमारत हलवायची म्हटलं तर दोन पिढ्या जातात. पश्चिमेला पँटनल नावाचा दलदलीचा मुलूख, पावसाळ्यात पाणीच पाणी. तो शिकवताना सर पोरांना नवेगावबांधला पावसाळ्यात नेऊन आणल्यासारखं करतात. पूर्वेकडे समुद्राला पाठ लावून उभा असलेला अजस्र कडा. त्याच्या पलीकडे अवर्षण चतुष्कोन, म्हणजे जिथे पाऊस रुसून बसतो तो चौकोन. ‘अवर्षण चतुष्कोन’ हा शब्द सर असा उच्चारतात की वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही तहान लागते.

आणि मनौस! मनौसजवळ दोन नद्या मिळतात. एक रिओ निग्रो, काळ्या चहासारखी. दुसरी सोलिमोइस, आपल्या वैनगंगेसारखी पावसाळी गढूळ. मिळतात म्हणायचं एवढंच. सुमारे सहा किलोमीटर दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. तापमान वेगळं, वेग वेगळा, घनता वेगळी. हा भाग सर दरवर्षी सासू-सुनेचं उदाहरण देऊन शिकवतात आणि दरवर्षी वर्ग हसतो. कपाटासमोरही त्यांनी तेच उदाहरण दिलं. कॅमेऱ्याबाहेर सासूही होती, सूनही होती. दोघी हसल्या नाहीत. त्या दिवशी घरात दोन्ही पाणी पहिल्यांदाच एक झालं आणि सरांवरून वाहून गेलं.

व्हिडिओ एकोणीस मिनिटांचा झाला. अकराव्या मिनिटाला एक हात आला, अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी असलेला खण उघडून त्यातून पैसे काढून गेला. दूधवाला आला होता. सरांनी न थांबता शिकवलं, याचा त्यांना अजून अभिमान आहे. व्हिडिओ ग्रुपवर टाकला. रात्रभर वाट पाहिली. सकाळी एकच प्रतिक्रिया होती: “सर, कपाटाची चावी लागूनच हाये.”

वर्गात चाळीस पोरं, ग्रुपवर सतरा. बाकीची कुठे आहेत, हे सरांनी पहिले काही दिवस विचारलंच नाही. पाहणारे सतरा का होईना आहेत, यात ते खूश होते.

बाकीच्यांतला एक त्यांना भेटला तो शाळेत, पोषण आहाराचा तांदूळ वाटायच्या दिवशी. शाळेत उरलेला तांदूळ आणि डाळ पोरांच्या घरी द्यायची होती. सर तोंडाला गमछा बांधून काट्यासमोर बसले होते. हा पोरगा आजीबरोबर आला, थैली धरली, तांदूळ घेतला, आणि गेला नाही. आजी लांब जाऊन उभी राहिली.

“सर, खम्मम कुठी हाय जी?”

आमच्या झाडीतून दरसाल माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. धान निघालं की इथे हाताला काम नसतं, आणि तिकडे खम्ममच्या पट्ट्यात मिरची लाल झालेली असते. पोराचे आईबाप फेब्रुवारीत गेले होते, ते टाळेबंदीत तिकडेच अडकले. त्यांच्याकडे एक मोबाइल, तोही चार दिवसांपासून बंद.

सरांनी शाळेतून नकाशासंग्रह आणला. मनौस त्यांना डोळे मिटून सापडलं असतं. खम्मम शोधायला चष्मा पुसावा लागला. वीस वर्षं हा माणूस या गावात भूगोल शिकवतो, आणि वर्गातल्या पोरांचे आईबाप दरवर्षी जिथे जातात ते गाव त्याने एकदाही नकाशात दाखवलं नव्हतं. परीक्षेला नव्हतं ना.

सापडल्यावर पोराने तांदळाच्या पोत्याची सुतळी घेतली, एक टोक भंडाऱ्यावर धरलं, दुसरं खम्ममवर, आणि सुतळी तशीच उचलून खालच्या प्रमाणपट्टीवर मांडली. सरांनीच सहावीत शिकवलेली रीत. सरळ रेषेत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. मग तो बोटांवर मोजू लागला. दिवसाला तीस चालले तर पंधरा दिवस, असं त्याने स्वतःच काढलं.

सरांना काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून ते नदी दाखवू लागले. ही आपली वैनगंगा, इथे पवनी. खाली वर्धा मिळाली की हिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी ही बघ, भद्राचलमवरून जाते. तिथून खम्ममचा मुलूख जवळ. म्हणजे आपलंच पाणी तिकडे जातं.

पोराने नदीवरून बोट नेलं, मग उलटं आणलं. “पाणी इकडं नाही येत ना जी?”

“नाही,” सर म्हणाले.

एप्रिलमध्येच बातमी आली. छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून पायी घरी निघाली होती. ती वाटेतच गेली, गाव थोड्याच अंतरावर राहिलं असताना. त्याच महिन्यात टीव्हीवर मनौस दिसलं. नद्या नाही दाखवल्या. यंत्राने खणलेले लांब चर दाखवले, आणि त्यांत ओळीने ठेवलेल्या पेट्या. सर टीव्हीसमोरून उठले आणि कपाटावरचा नकाशा ओल्या फडक्याने पुसून टाकला. बायकोने काही विचारलं नाही. चावी मात्र काढून ठेवली.

पोराचे आईबाप मे महिन्यात आले. शाळेच्याच खोलीत चौदा दिवस त्यांना वेगळं ठेवलं, आणि पोरगा रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर उभा राहून त्यांच्याशी बोलून जायचा. शाळेत आलेला त्या वर्षातला सगळ्यात नियमित विद्यार्थी तोच. सरांनी त्याची हजेरी लावली. शाळा बंद असताना लावायची नसते, तरी लावली.

थोरलीचा निकाल 29 जुलैला लागला. भूगोलात चांगले गुण पडले, बीजगणिताच्या कृपेने. पेढे वाटताना सर म्हणाले, घरीच शिकवलं होतं. थोरली म्हणाली, “हो, पण परीक्षा कुठं झाली?”

7 सप्टेंबरला कोरोनाच्या रुग्णसंख्येत भारताने ब्राझीलला मागे टाकलं. दोन्ही देशांची तुलना हा सरांचा हातखंडा. ग्रुपवर तोवर पोरं सतराची तेवीस झाली होती. सरांनी त्या दिवशी धडा घेतला तो भंडारा जिल्ह्याच्या नकाशाचा. त्यात ब्राझीलचं नाव कुठेही नव्हतं.