स्पीडगनला पाठ दिसत नाही

एप्रिल-मेमध्ये रान मोकळं होतं. परभणी जिल्ह्यात पोखर्णीपासून गंगाखेडपर्यंत कुठंही बघा, ढेकळं फोडून, पाणी मारून, रोलर फिरवून पट्टी तयार झालेली असते. टेनिस बॉलची टुर्नामेंट सुरू. त्यात एखादं सतरा वर्षांचं पोरगं असा बॉल टाकतं की कीपर आपण होऊन चार पावलं मागं सरकतो.

आणि मांडवातून आवाज येतो, "याला आयपीएलला पाठवा!"

पोरगं किती जोरात टाकतं, हे मांडवातला प्रत्येक जण सांगेल. सकाळपासून त्यानं किती ओव्हर टाकल्या, हे विचारून बघा.

कुणालाच माहीत नसतं.

लांब कशाला जायचं? आपल्याच मराठवाड्यातल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर बघा. फेब्रुवारी 2022 मध्ये 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. त्याच महिन्यात आयपीएलचा लिलाव झाला. मूळ किंमत 30 लाख, चेन्नईची बोली दीड कोटी. तो आकडा मराठवाड्यातल्या बापांनी तोंडपाठ केला. पुढचं मात्र कुणी पाठ केलं नाही. 2022 चा अख्खा हंगाम तो बाहेर बसला. 31 मार्च 2023 ला पहिला सामना मिळाला, गुजरातचे तीन गडी त्यानं घेतले. त्या हंगामात त्याच्या वाट्याला सामने आले दोन. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात लखनौनं त्याला घेतलं, 30 लाखांना.

गडी तोच होता. भाव पाचव्या हिश्श्यावर आला.

यात त्याचा दोष कुठं आहे? अठरा-एकोणीस वर्षांच्या गोलंदाजाची किंमत हा निव्वळ अंदाज असतो. आपण तो निकाल समजून पेढे वाटतो.

राजस्थानचा कमलेश नागरकोटी आठवतो? 2018 च्या युवा विश्वचषकात ताशी 145 किलोमीटरच्या वर टाकत होता. कोलकात्यानं 3 कोटी 20 लाख मोजले. मग दुखापती सुरू झाल्या. 2018 गेलं, 2019 गेलं. आयपीएलचा पहिला बॉल त्यानं टाकला 2020 मध्ये. वेगवान गोलंदाजाच्या कमरेचे मणके विशी ओलांडेपर्यंत पुरते टणक झालेले नसतात. त्यावर रोजचा मारा बसला की हाडाला बारीक चीर जाते. ती आधी नुसती कंबरदुखी वाटते.

आणि कंबरदुखीवर आपल्याकडं बाम असतो.

हा घोळ फक्त आपलाच नाही. अमेरिकेत बेसबॉलचे व्यावसायिक संघ शाळकरी पोरं थेट निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. 1965 पासून तो चालू आहे. चेंडू फेकणाऱ्या पिचरला तिथं सोन्याचा भाव. तरीही इतक्या वर्षांत पहिल्या क्रमांकावर शाळेतून घेतलेले पिचर तीनच. 1973 चा डेव्हिड क्लाइड, 1991 चा ब्रायन टेलर, 2014 चा ब्रेडी एकेन. तिघंही डावखुरे. उजव्या हाताच्या शाळकरी पोरावर पहिली निवड लावायची हिंमत एकाही संघाला झालेली नाही.

त्या तिघांचं काय झालं? क्लाइडला अठराव्या वर्षी, शाळा संपून महिना व्हायच्या आत, थेट मोठ्या लीगमध्ये उतरवलं. मैदान खच्चून भरलं, मालक खूश. 1979 नंतर तो त्या लीगमध्ये दिसला नाही. टेलरचा खांदा मैदानाबाहेरच्या मारामारीत गेला. एकेनच्या कोपराच्या तपासणीत ह्यूस्टनच्या डॉक्टरांना शंका आली, संघानं रक्कम उतरवली, करार फिसकटला. पुढच्याच वर्षी त्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. टेलर आणि एकेन मोठ्या लीगचा एकही सामना खेळले नाहीत.

देशातला सर्वांत चांगला पोरगा म्हणून निवडलेले हे गडी. बाकीच्यांचं काय घेऊन बसलात!

ठेचा खाऊन अमेरिकेनं निदान मोजायला सुरुवात केली. 2014 मध्ये वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं दिवसात जास्तीत जास्त 105 चेंडू फेकायचे आणि इतके फेकल्यावर चार दिवस विश्रांती घ्यायची. आपल्या हिशेबात 105 चेंडू म्हणजे साडेसतरा ओव्हर. पिचर हात वाकवून फेकतो, आपला गोलंदाज हात सरळ ठेवून टाकतो, हे खरं. तिथं कोपर जातं, इथं कंबर. पण हाड सतरा वर्षांचंच ना?

आपल्या टुर्नामेंटमध्ये तेच पोरगं सकाळी एक मॅच खेळतं, दुपारी दुसरी, संध्याकाळी शेजारच्या गावाकडून तिसरी. मध्ये नेट. मध्ये मोटारसायकलवर तीस किलोमीटर. हे सगळं बेचाळीस अंशांच्या उन्हात. जेवण? वडापाव आणि थंडगार बाटली.

मग पारख करायची कशी? वेग बघाच, पण सर्वांत शेवटी बघा. आधी तिसऱ्या मॅचची शेवटची ओव्हर बघा. दमल्यावर पुढचा पाय गुडघ्यात वाकतो का? डोकं एका बाजूला कलतं का? ॲक्शन मोडते का? सिक्स बसल्यावर पुढचा बॉल आणखी जोरात आदळतो, की डोकं लावून टाकतो? पहिल्या ओव्हरला टाळ्या मिळतात. पोरगं कळतं शेवटच्या ओव्हरला.

2013 मध्ये मुंबई इंडियन्सचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी एकोणीस वर्षांच्या बुमराहला हेरलं. ती ॲक्शन क्रिकेटच्या कुठल्याच पुस्तकात बसत नव्हती. मुंबईनं त्याला घेतलं आणि दमानं वाढवलं. भारताची टोपी मिळाली जानेवारी 2016 मध्ये.

तीन वर्षं. आपल्या मांडवाला तीन वर्षं धीर आहे?

मला त्या पोरांची काळजी वाटते, कारण त्यांच्यामागं कुणी नाही. परभणी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत मोडतो, म्हणजे मोठी दारं पुण्याकडं. परभणीहून पुण्याची गाडी रात्रभराची. जागरण करून उतरलेल्या पोराला चाचणीत मोजके बॉल मिळतात. त्यात त्यानं कंबर दुखते म्हणून सांगायचं? तो सांगत नाही. बाप विचारत नाही. वर्षभरात बॉल टाकणं सुटतं आणि गाव म्हणतं, पोरात दम नव्हता.

दम होता. तुम्ही तो तीन मॅचमध्ये संपवलात.

तेव्हा टुर्नामेंट भरवणाऱ्यांना एकच मागणं. स्कोअररशेजारी आणखी एक पोरगं बसवा आणि त्याच्या हातात एक वही द्या. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक गोलंदाजाचं नाव, वय, आज टाकलेले बॉल, काल टाकलेले बॉल, कुठं दुखतंय. बॉल शंभरावर गेले की कॅप्टननं बॉल मागितला तरी द्यायचा नाही, मग फायनल का असेना. पोखर्णीच्या पट्टीवर यंदाच सुरू करा.