सहावाजे

आमच्या एडिंबराच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांचं खरं आडनाव वेगळं आहे. 'सहावाजे' हे आमच्या हिने ठेवलेलं, आणि ते त्यांना असं काही बसलं की दाराखालून चुकून आमच्याकडे आलेल्या त्यांच्या पत्रावरचं नाव वाचून मी क्षणभर 'हा कोण बुवा?' म्हणालो. तुम्ही त्यांना ओळखता. नवरदेवाचं उपरणं कुठल्या खांद्यावर हवं हे सांगायला जे काका मांडवाच्या दारातच उभे असतात, त्यांचे हे स्कॉटिश मावसभाऊ.

सहावाज्यांचा मुद्दा आयुष्यभर एकच. किल्टवरचा 'प्रिन्स चार्ली' कोट संध्याकाळी सहाच्या आत अंगावर चढता कामा नये. साटीनची कॉलर, चांदीची बटणं, पाठीमागे दोन इवल्या शेपट्या आणि पुढून कमरेशीच आटोपलेला असा हा कोट म्हणजे रात्रीच्या मेजवानीचा ऐवज. दिवसा घालायचा तो ट्वीडचा, शिंगाच्या बटणांचा 'अर्गाइल'. आखूड तोही असतोच. किल्ट बेंबीच्याही वर बांधतात आणि पुढे स्पोरन, म्हणजे तो चामडी बटवा, लोंबत असतो. त्यावर आपला नेहमीचा लांब कोट घातला तर बटवा झाकला जातो आणि माणूस घाईत बायकोचा परकर नेसून ऑफिसला निघाल्यासारखा दिसतो. थोडक्यात, आखूडपणाला सहावाज्यांची हरकत नाही. हरकत घड्याळाला आहे.

आणि स्कॉटलंडातली लग्नं लागतात दुपारी. भाड्याने पोशाख देणारी दुकानं नवरदेवापासून करवल्यापर्यंत सगळ्यांना सरसकट प्रिन्स चार्ली चढवतात. शनिवारी किल्ल्यावरून एकची तोफ धडाडते, तेव्हा रॉयल माइल या रस्त्यावर चांदीची बटणं भर उन्हात लखलखत असतात आणि सहावाजे खिशातलं घड्याळ काढून पाहतात. हळहळत नाहीत, नुसतं पाहतात. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून 1861 साली ही तोफ सुरू झाली. सहावाज्यांच्या मते जहाजांची सोय झाली, आता नवरदेवांसाठी सहाची एक सुरू करायला हवी.

एका डिसेंबरात मी त्यांना कोंडीत पकडायला गेलो. म्हटलं, आज पावणेचारलाच अंधारून आलंय, मग घालायला काय हरकत? "सहाच्या आधी नाही." बरं, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत ऊन असतं, त्याचं काय? "सहानंतर चालेल." आणि सूर्य? "कपड्यांच्या बाबतीत सूर्याला कोण विचारतो?" ज्या देशात सूर्य असा बेभरवशाचा, तिथे हे तत्त्वज्ञान अगदीच टाकाऊ नव्हे, हे मी मनातल्या मनातच कबूल केलं.

मग मी इतिहास काढला. ज्याच्या नावाचा हा कोट, तो प्रिन्स चार्ली 1788 मध्ये रोमला वारला. हा कोट त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याचं बंड मोडल्यावर 1746 च्या कायद्याने हायलँडचा पोशाखच बंद केला होता, तो 1782 पर्यंत. पुढे 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि सर वॉल्टर स्कॉट नावाच्या कादंबरीकाराने टार्टनचा, म्हणजे त्या चौकडीच्या कापडाचा, असा देखावा उभा केला की किल्टला राष्ट्रीय पोशाखाचा मान मिळाला. खुद्द राजा किल्टखाली अंगाच्या रंगाची तंग विजार घालून मिरवला. तेव्हा कसली परंपरा घेऊन बसलात?

"राजाने गाढवपणा केला," सहावाजे म्हणाले, "म्हणून नवरदेवानेही करायचा?"

पुढे आमच्या ओळखीतल्या मराठी मुलीचं इथल्याच मुलाशी लग्न ठरलं. मुहूर्त सकाळी 11 वाजून 40 मिनिटांचा. सहावाजे इतके कष्टी झाले की मी त्यांना गोरज मुहूर्ताबद्दल सांगितलं. दिवेलागणीला लग्न लावायची रीत ऐकून त्यांचे डोळे चमकले. संध्याकाळच्या पोशाखाची कदर असलेला एक तरी समाज पृथ्वीवर आहे! पण लग्न जूनमधलं. इथली गोरज रात्री दहाला. गुरुजींनी हात जोडले.

लग्नाच्या सकाळी मुलीचे वडील हौसेने किल्ट घालून अवतरले. साताऱ्याचा माणूस, डोक्याला फेटा झकास, पण किल्टच्या चुण्या पोटावर आणि सपाट बाजू मागे. वर भाड्याचा प्रिन्स चार्ली. स्कॉटिश पाहुणे सभ्यपणे छताकडे बघू लागले. सहावाजे उठले, "चला," एवढंच म्हणाले आणि त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला त्यांचं इंग्रजी कळत नाही. आतून काही आवाज नाही. दहा मिनिटांनी वडील बाहेर आले ते चुण्या मागे, स्पोरन मधोमध आणि अंगात ट्वीडचा अर्गाइल. खांद्याला जरा सैल. सहावाज्यांचाच.

ते स्वतः वेस्टकोटवर शेवटच्या रांगेत बसले. एडिंबराचा जून म्हणजे आपल्याकडचा जानेवारी; हॉलची दारं सताड उघडी. ज्या माणसाने उभ्या हयातीत चारचौघांत कोट उतरवला नसेल, तो हात काखेत धरून मंगलाष्टकं ऐकत होता आणि अक्षता एक 'सावधान' आधीच टाकत होता. माझा कोट देऊ केला, तर त्याच्या लांबीकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी 'केली', म्हणजे इथला सामुदायिक नाच, सुरू झाला. तरुण पोरांचे प्रिन्स चार्ली एव्हाना खुर्च्यांच्या पाठीवर गेले होते. जो पोशाख सकाळपासून बेकायदा मिरवला, तो कायदेशीर व्हायच्या वेळेला कोणाच्याच अंगावर नव्हता. मुलीचे वडील मात्र अर्गाइल चढवून घामाघूम होत चार स्कॉटिश बायकांच्या हातून गरगरत होते. तेवढ्यात सहावाजे ऐन गर्दीत घुसले. हातात तो सकाळचा भाड्याचा प्रिन्स चार्ली, हँगरवर, ब्रश मारलेला, लोंबणारं बटण टाचलेलं.

"याचं काय आता?" वडिलांनी मला विचारलं.

"अहो, सहा वाजले," मी म्हटलं.