न आलेल्या पत्रांचा हिशेब

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला महिनाअखेरीस एकच प्रश्न विचारतात : "काय हो, फिल्टर किती टक्के चालतोय?" मी कित्येक वर्षं "नव्व्याण्णव" म्हणून साहेबांचा चहा प्यायलो. आकडा खोटा नव्हता. पण शंभरांतली नव्वद पत्रं स्पॅमच असली, तर डोळे मिटून सगळीच केराच्या टोपलीत टाकणाराही नव्वद टक्क्यांनी पास होतो. आमच्या वेळी दहावीला एवढे मिळाले की गल्लीत पेढे वाटत.

या धंद्यात चांगल्या पत्राला 'हॅम' म्हणतात. म्हणजे स्पॅमही डुकराचं मांस आणि हॅमही डुकराचंच. त्यातलं बरं कुठलं नि वाईट कुठलं हे ठरवायला वरणभातावर वाढलेला माणूस बसवलाय, याची नोंद कुठल्याच अहवालात नसते.

स्पॅम आत शिरला की बोंब होते. चांगलं पत्र अडलं की शांतता. जे आलंच नाही, त्याची तक्रार कोण करणार? माझ्या मामेभावाने मुलीच्या लग्नाची पत्रिका मेलने धाडली : लालभडक अक्षरं, सहा उद्गारचिन्हं, दीडशे जणांना एकदम. फिल्टरच्या जागी मी असतो तरी अडवली असती. सापडली तेव्हा मांडव उतरून तीन आठवडे झाले होते. अहवालात ही चूक दशांशचिन्हानंतर कुठेतरी मावली. मामींच्या मनात अजून मावलेली नाही.

बरं, फिल्टर तपासायचा तर आधी हाताने निवडलेली खरी पत्रं हवीत. आपली खाजगी पत्रं कोण देणार? 2005 साली अमेरिकेतल्या 'ट्रेक' चाचणीसाठी 92,189 पत्रांचा ढीग जमवला गेला. त्यातली चांगली 39,399 पत्रं आली एन्रॉनच्या चौकशीत उघड झालेल्या टपालातून. हिशेबातल्या लबाडीने बुडालेल्या कंपनीचं टपाल सज्जन पत्राचा नमुना ठरलं! एन्रॉनचा वीजप्रकल्प अनुभवलेल्या दाभोळवाल्यांना हे सांगून बघा.

आणि ढीग असतो जुना. स्पॅमअसॅसिन हा फिल्टर संशयाच्या प्रत्येक खुणेला गुण देतो. पाच भरले की पत्र स्पॅम. त्यातला एक नियम होता : पत्रावरचं साल फार पुढचं असेल तर संशय घ्या. नियम लिहिणाऱ्याला 2010 फार लांब वाटलं होतं. जुन्या ढिगावर नियम झकास चालला, कारण त्यात 2010 चं खरं पत्र असणार कुठून? मग 1 जानेवारी 2010 उजाडला आणि प्रत्येक पत्राला जन्मतःच तीनहून जास्त गुण चिकटले. 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिणारा गुन्ह्याच्या अर्ध्या वाटेवर उभा.

परवा साहेबांनी पुन्हा विचारलं. "नव्व्याण्णव," मी म्हटलं, आणि जागेवर येऊन अडवलेल्या पत्रांची यादी उघडली. पहिलंच मामेभावाचं. नातवाचं बारसं. उद्गारचिन्हं आठ. तारीख उद्याची.