घरी बसलेल्यांचा निकाल

‘ज्याला मत दिलं तो दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसला, आता कशाला द्यायचं?’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य न ऐकलेला माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. राग खरा आहे. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी. नाव आणि चिन्ह कुणाचं, ते निवडणूक आयोगाने ठरवलं. अपात्र कोण, ते विधानसभा अध्यक्षांनी. उरलेलं कोर्टात गेलं. मतदाराला कुणी विचारलं नाही, हे मान्य. पण विचारलं त्या दिवशी आपण कुठे होतो?

20 मे 2024, सोमवार. मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघ. शिंदे यांच्या सेनेचे रवींद्र वायकर विरुद्ध ठाकरे यांच्या सेनेचे अमोल कीर्तिकर. त्या वर्षीच्या मार्चपर्यंत दोघेही ठाकऱ्यांकडेच होते. अमोल यांचे वडील गजानन कीर्तिकर मावळते खासदार, पण ते शिंद्यांच्या सेनेत. म्हणजे फूट थेट घरात शिरलेली. निकाल लागला : वायकर 4,52,644, कीर्तिकर 4,52,596. फरक 48 मतांचा. सोसायटीच्या एका विंगमध्ये याहून जास्त मतदार असतात. मतदारसंघात मतदार होते सतरा लाखांहून जास्त, आणि त्यातले सात लाखांहून जास्त फिरकलेच नाहीत. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य 162 मतांनी ठरलं, साकोली 208 मतांनी. ‘माझ्या एका मताने काय होतंय’ हे या तीन ठिकाणी तरी कुणी म्हणू नये.

पण फरक किती मतांचा, यापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त छळते. घरी कोण बसतं? कट्टर कार्यकर्ता कधीच नाही. मतदान केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर पक्षांची टेबलं असतात. पोरं यादी घेऊन बसलेली असतात, येणाऱ्याच्या नावावर पेनाने खूण करतात. दुपार कलली की आपली कुठली घरं अजून आली नाहीत ते त्यांना ठाऊक असतं, आणि फोन सुरू होतात. रिक्षा पाठवल्या जातात. ज्या घरातून दोन-तीन निवडणुका कुणी येतच नाही, ते घर हिशेबातून जातं. मग त्या घरासाठी भाषण कोण करणार? भाषण होतं ते हमखास येणाऱ्यांसाठी, आणि हमखास येणाऱ्यांना पेटवायला शिव्या, जात, धर्म, गद्दारी एवढं पुरतं. पाणी, शाळा, लोकलची गर्दी यांवर बोलून ज्याचं मत फिरेल, तो माणूस सोफ्यावर बसून ‘राजकारण किती नासलंय’ म्हणत असतो. ते नासायला त्याचं घरी बसणंही कारण आहे, हे त्याला तोंडावर सांगायला हवं.

कुणीच पटत नसेल तर 2013 पासून नोटा आहे. लोकसभा-विधानसभेला तिने निकाल पालटत नाही, हे खरं. पण नोटा दाबणारा रांगेत उभा राहतो, यादीत त्याच्या नावावर खूण पडते आणि त्याचा नकार मोजला जातो. घरी बसणाऱ्याचा नकार आणि आळस यात फरक कसा करायचा?

मुंबई महापालिकेत मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते. जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार हाकला. ‘तक्रार न्यायची कुणाकडे?’ म्हणून सगळ्या शहराने बोटं मोडली. अखेर 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. सार्वजनिक सुट्टी होती. तरी जवळपास निम्मे मतदार गेले नाहीत. याचं समर्थन मला कुठूनही करता येत नाही.

मे 2024 च्या उन्हात मुंबईत तासन्तास रांगेत उभे राहून जे परतले, किंवा यादीत नावच नाही म्हणून ज्यांना परत पाठवलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचं भांडण यंत्रणेशी आहे आणि ते त्यांनी नेटाने भांडावं. नाव नसेल तर फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही. त्यामुळे हे काम आत्ताच, निवडणूक नसतानाच उरकायचं.