पॉवर विंडोची लहर
जुन्या गाडीची पॉवर विंडो शक्यतो काच खाली असताना बिघडते, तीही पावसाळ्यात. आधी फ्यूज पाहावा. तो स्वस्त असल्याने दोष सहसा त्याच्यात नसतो. बटण दाबल्यावर मोटर फिरते पण काच हलत नाही, म्हणजे बहुधा काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची केबल तुटली. आवाजच नसेल, तर मोटरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात का ते तपासावे. पोहोचत नसतील, तर दाराच्या बिजागरीपाशी पाहावे; तिथे वायर वाकून वाकून तुटते. काच रखडत चढत असल्यास रबरी खाचेत सिलिकॉन स्प्रे मारावा. दारावर बुक्की मारणे हा सर्वमान्य उपचार. त्याने मोटरचे अडकलेले ब्रश कधीकधी हलतात आणि मालक स्वतःला मेकॅनिक समजू लागतो. दुरुस्तीसाठी काढलेले दाराचे पॅनल पुन्हा बसवल्यावर दोन क्लिपा उरल्या, की दुरुस्ती पूर्ण झाली असे मानावे.