गर्दीचे जॉबवर्क

सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात 'ग्रे' म्हणजे मागावरून उतरलेले, न रंगवलेले, न छापलेले कोरे कापड. व्यापारी हे कापड पांडेसऱ्याच्या गिरणीत पाठवतो, तेव्हा मालकी त्याचीच राहते आणि गिरणी केवळ रंगाई-छपाईची मजुरी घेते. या पद्धतीस तेथे जॉबवर्क म्हणतात. मोठ्या मोटारसायकल मेळाव्यांच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम ही पद्धत समजून घेणे इष्ट ठरेल, कारण आजचा हौशी बायकर हा तत्त्वतः ग्रेच होय; फरक इतकाच की हा माल स्वतःच्या पेट्रोलने गिरणीपर्यंत जातो, अंगावर कंपनीचे नाव छापून घेतो, छपाईची मजुरीही स्वतःच भरतो आणि गावी परतल्यावर त्या छापाची वर्षभर फुकट जाहिरात करतो.

या उद्योगाचा प्रारंभ अगदीच अव्यापारी होता. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस या लहान गावी 1938 मध्ये जॅकपाइन जिप्सीज नावाच्या क्लबने भरवलेल्या पहिल्या शर्यतीत अवघे नऊ स्वार उतरले होते; पुढे तेथे लाखोंचा समुदाय लोटू लागला आणि अखेर 'स्टर्जिस' या गावाच्या नावावरच व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगितला जाऊन तो वाद न्यायालयापर्यंत गेला. भारतानेही हा प्रवास फारशी कुचराई न करता पुरा केला आहे. बुलेटवेड्यांच्या क्लबांनी वर्गणी काढून, आपापसांत यजमानपद वाटून घेऊन भरवलेले मेळावे हा जुना संप्रदाय. प्रायोजक, प्रवेशाचे मनगटी पट्टे आणि विक्रीची दालने यांनी सजलेला उत्सव हा नवा. 2013 मध्ये गोव्यात वागातोर येथे 'इंडिया बाइक वीक' सुरू झाला आणि रॉयल एनफील्ड या मोटारसायकल कंपनीच्या 'रायडर मॅनिया' या मेळाव्याचे 2023 मध्ये 'मोटोव्हर्स' असे नामांतर झाले. मॅनिया म्हणजे वेड, ते निदान ज्याचे त्याचे असते. 'व्हर्स' म्हणजे विश्व, आणि विश्व म्हटले की त्याला प्रवर्तक लागतो, नकाशा लागतो आणि अर्थातच प्रवेशशुल्क लागते.

या विश्वातील सर्वांत बोधप्रद वस्तू म्हणजे 'पॅच', अर्थात बिनबाह्यांच्या जाकिटावर शिवला जाणारा भरतकामाचा कापडी बिल्ला. जुन्या क्लबांच्या प्रथेप्रमाणे तो उमेदवारी करून, अंतर कापून, कधी पावसात दुसऱ्याची साखळी बसवून कमवावा लागे. आता तो दालनात टांगलेला असतो आणि मोबाइलवरून पैसे भरताच बंधुभाव प्राप्त होतो. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांत वाढलेल्या सुरती स्वाराला वास्तविक हे गणित तोंडपाठ असते, कारण तेथे भरतकामाचा दर हजार टाक्यांमागे ठरतो आणि बिल्ला हाती घेताच त्यात किती टाके, किती धागा आणि किती मजुरी गेली याचा अंदाज त्याला क्षणात येतो. तरीही कापडबाजारात मीटरमागे चार आण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा हाच गृहस्थ त्या दालनात छापील किंमत निमूटपणे मोजतो, यावरून स्वातंत्र्याची किंमत टाक्यांत मोजता येत नाही, हे सिद्ध होते.

अंतराचा प्रश्नही अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे. ज्यांना केवळ घसा ओला करायचा असतो त्यांच्यासाठी दमण सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे, मग आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून गोवा गाठण्यामागे काही उच्चतर प्रेरणा असणार, असे मानणे भाग पडते. मद्याच्या जाहिरातीस बंदी असल्याने त्याच नावाचा सोडा किंवा पाणी जाहिरातीत झळकवण्याच्या युक्तीला 'सरोगेट' जाहिरात म्हणतात. मेळाव्यातील अशा फलकांखाली उभे राहून दारूबंदीच्या राज्यातील नागरिक जेव्हा सोड्याविषयी अपार आदर व्यक्त करतो, तेव्हा त्या प्रेरणेचे स्वरूप काहीसे उलगडते. इतिहासाच्या दृष्टीनेही प्रगती लक्षणीय आहे: 1664 च्या जानेवारीत सुरतेची संपत्ती नेण्यासाठी शिवाजी महाराजांच्या स्वारांना सह्याद्री उतरून इथवर दौड मारावी लागली होती, आज सुरत स्वतःच स्वार होऊन दक्षिणेकडे दौडत जाते आणि लवकर नोंदणीची सवलत मिळावी म्हणून महिनोन्महिने आधी रक्कम भरून मोकळी होते.

व्यापारीकरणाबद्दल व्यापारी शहराने गळा काढावा, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. आक्षेप असलाच तर तो व्यवहार कच्चा झाल्याचा आहे. पक्क्या व्यवहाराचा नमुना याच शहरात, लिंबायत आणि उधन्याच्या मराठी वस्त्यांत, दर निवडणुकीला पाहावयास मिळतो. प्रचाराच्या मोटारसायकल रॅलीत सामील होणारा तेथील तरुण टाकीत किती पेट्रोल पडणार आणि नाश्त्याला काय आहे, हे आधी विचारतो, झेंडा दुसऱ्याच्या खर्चाने लावतो, टोपी फुकट घेतो आणि दुपारच्या आत घरी येतो. त्याने कोणत्याही विश्वाचे सदस्यत्व घेतलेले नसते. परंतु गर्दी हा माल आहे, ती जमवणाऱ्याला तिची गरज आहे आणि म्हणून तिची किंमत आगाऊ वसूल करावी, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा त्याला पाठ असतो. त्या खर्चाचा हिशेब नियमानुसार उमेदवाराला द्यावा लागतो. वागातोरच्या गर्दीचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या क्रेडिट कार्डावर चढतो.

यावर उपाय सुरतेच्या आवाक्यातला आहे. येथील बायकर क्लबांनी बाजारातील एखादा मुरलेला दलाल नेमून आयोजकांकडे पाठवावा आणि दर हजार टाक्यांच्या धर्तीवर दर हजार डोक्यांचा भाव मागावा. दलालास फारसे बोलावे लागणार नाही, कारण किती डोकी जमतील हे सांगूनच प्रायोजक मिळवले जातात. म्हणजे डोक्यांचा भाव बाजारात आधीच फुटलेला आहे, फक्त डोक्यांच्या मालकांना तो अद्याप कोणी कळवलेला नाही.