‘ण’वरून नाव सुचवा

भिलाईत मुलाचं नाव ठेवायचं म्हणजे ते आधी दहा भाषांच्या तोंडात घालून बघावं लागतं. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ साली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली आणि देशभरातून माणसं नोकरीला इथं येऊन पडली. आमच्या स्ट्रीटवर डावीकडे तेलुगू, उजवीकडे बिहारी, समोर बंगाली, मागच्या अंगणाला लागून मल्याळी. लोखंड प्लांटमध्ये वितळायचं, नावं स्ट्रीटवर.

बाबा भंडाऱ्याहून आलेले. वाचनाची आवड, त्यामुळे मुलांची नावं त्यांनी प्रेमानं आणि काहीशा बेसावधपणे ठेवली. धाकट्या भावाचं ज्ञानेश, माझं मृण्मयी. भंडाऱ्यात ती शोभली असती.

शाळेत नाव घालताना बाबांनी ज्ञानेशचं इंग्रजी स्पेलिंग मराठी रिवाजाप्रमाणे केलं, म्हणजे डी-एन-वाय. नवे सर हजेरी घेत घेत खाली यायचे, एका ओळीवर थबकायचे, चष्मा काढून पुसायचे आणि विचारायचे, ‘ये डन्यानेश कौन है?’ भाऊ उभा राहायचा. त्याचं नाव ज्ञानेश आहे हे कळल्यावर सर सुटकेचा श्वास टाकून म्हणायचे, ‘अच्छा, ग्यानेश!’ दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याचं ‘ग्यानी’ झालेलं असायचं. आता ग्यानी नावाच्या मुलाला नापास व्हायची सोय राहत नाही. ‘ग्यानी फेल हो गया’ हे वाक्य इतकं तयार असतं की ते बोलायची संधी पोरं सोडणार नाहीत. भाऊ त्या एका वाक्याच्या धाकानं अभ्यास करत राहिला आणि इंजिनिअर झाला. श्रेय सगळे बाबांच्या संस्कारांना देतात.

माझ्या नावाच्या वाट्याला कुणी गेलंच नाही. बिहारी काकूंनी एकदा ‘मिरनमई’पर्यंत मजल मारली, मग हात टेकले. समोरच्या बंगाली काकींना मात्र कोण आनंद झाला! त्यांनी मला ‘मृन्मोयी’ करून आपल्यात ओढलं. बाकी सगळ्या स्ट्रीटनं एकमतानं ‘मिनी’ ठरवलं. वयाच्या सहाव्या वर्षी मिनी गोड वाटते. पन्नाशीला टेकल्यावर भाजीवाला ‘मिनी दीदी, लौकी ताज़ी है’ म्हणून ओरडतो तेव्हा आसपासच्या बायका आधी इकडेतिकडे बघतात, मग माझ्याकडे, मग माझ्या आकारमानाकडे.

बंगाल्यांनी यावर तोडगा काढून ठेवलाय. भालो नाम दाखल्यासाठी, डाक नाम हाकेसाठी. दोन्ही घरचेच ठेवतात, गल्लीवर सोडत नाहीत. आपल्याकडे सगळा बेभरवशाचा कारभार. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरात म्हणत बाळ, आणि इतिहासात गेलं ते बाळ. आमच्या विदर्भातले मुरलीधर देवीदास आमटे यांना लहानपणापासूनच घरचे लाडानं बाबा म्हणत, पुढे ते सगळ्यांचेच बाबा झाले. म्हणजे लाडाचं नाव ठेवतानाही जपून असावं, तेच टिकायचं. ‘बंटी’, ‘गोलू’ ठेवणाऱ्यांनी पन्नास वर्षांपुढचा विचार करावा. गोलू आजोबा!

छत्तीसगढी घरांमध्ये हा घोळ फारसा नव्हता. रविवारी जन्मला तो इतवारी, बुधवारी तो बुधराम, फाल्गुनात फागूराम, चैत्रात चैतू. कॅलेंडर भिंतीवर होतं, पुस्तक कशाला हवं? आधीची मुलं जगली नाहीत तर नव्या बाळाला लटकंच विकून परत विकत घ्यायचं आणि नाव ठेवायचं बिसाहू, म्हणजे विकत घेतलेला. आपले दगडू, धोंडू, केरबा त्याच जातीचे. दृष्ट लावायला आलेल्या सटवीलासुद्धा ‘केरबा’ ऐकून परत फिरावंसं वाटलं पाहिजे, हा हिशेब. या नावांमागे जीव गोळा झालेली आई असायची, म्हणून मला त्यांचं हसू येत नाही. नकुसा मात्र वेगळी. ती दृष्टीसाठी नव्हती, खरोखर नको होती म्हणून नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या दिवसापर्यंत शाळेच्या हजेरीत रोज सकाळी ‘नकोशी’ला ‘हजर’ म्हणावं लागत होतं.

आणि इथून जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई. नावातच तीजेचा सण. त्यांनी पंडवानी गायली, भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी केली, २०१९ मध्ये पद्मविभूषण घेतलं. युनिक नावासाठी मोबाइलवर रात्र जागवणाऱ्या आयांना मी हे मुद्दाम सांगते. त्या ऐकत नाहीत.

आमच्या वहिनीनंही ऐकलं नाही. उशिरानं का होईना, भावाला मुलगी झाली. भंडाऱ्याच्या गुरुजींनी फोनवर पत्रिका सांगितली: हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘ण’. भावानं व्हॉट्सॲपवर गट काढला, ‘ण-वरून नाव सुचवा’. एरवी कुठल्याही विषयावर तुटून पडणारे नातेवाईक गप्प. एका मामांनी फक्त शुभ सकाळ पाठवलं. बाबा हळहळले, ‘चौथा चरण असता तर ‘ठ’ मिळालं असतं. ठकी, ठमी काहीतरी जमलं असतं.’ वहिनीचा चेहरा बघून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

शेवटी ‘ण’चा ‘न’ झाला, मग ‘न’ही सुटला आणि सगळी बाराखडी मोकळी झाली. तिथून खरा गोंधळ. कियारा, अनायशा, रिव्हा, मायरा. प्रत्येक नाव म्हणे संस्कृत, आणि प्रत्येकाचा अर्थ सूर्याचा पहिला किरण. सूर्याला पहिले किरण तरी किती असावेत! मुलगा झाला असता तर अयांश, रेयांश, कियांश. हल्ली बालवाडीत ‘अंश’ म्हणून हाक मारली की अर्धा वर्ग वळून बघतो, म्हणजे युनिकपणाचंही झालंच.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आमच्या घरापेक्षा समजूतदार आहे. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो, बारा महिन्यांत नाव कळवलं तर शुल्क नाही, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत कळवता येतं. म्हणजे सरकार पंधरा वर्षं थांबायला तयार आहे, आत्या बाराव्या दिवसापलीकडे थांबत नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच पुढे करायचाय. तिथं एक अक्षर चुकलं की पुढे जन्मभर अर्ज.

न्यूझीलंडमध्ये एका मुलीचं नाव आईबापांनी ‘तालुला डझ द हुला फ्रॉम हवाई’ ठेवलं होतं. ती बिचारी मैत्रिणींना आपलं नाव फक्त ‘के’ सांगायची. २००८ मध्ये ती नऊ वर्षांची असताना न्यायाधीशांनी, नाव बदलता यावं म्हणून, तिला न्यायालयाच्या ताब्यात घेतलं. ही बातमी मी गटावर टाकली. वहिनीनं अंगठा दाखवला, वर की खाली ते नीट दिसलं नाही.

अखेर भावानं हट्टानं ‘गौरी’ लावून धरलं. तेलुगू, बिहारी, मल्याळी कुणाच्याही तोंडी ते मोडत नाही. बंगाली काकी ‘गोउरी’ म्हणतात, तेवढं चालतं. पाळण्यात घातली, मी कानात कुर्रर्र केलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. संध्याकाळी हाच ग्यानी तिला मांडीवर घेऊन म्हणत होता, ‘ओ लड्डू, माझी लड्डू!’ मी त्याला खोलीबाहेर काढलं.

तेव्हा मंडळी, बारशाआधी एवढं करा. ठरलेलं नाव घेऊन संध्याकाळी फाटकाशी उभं राहा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारा. आवाज फाटला, शेजारी हसले किंवा तुम्हालाच लाज वाटली, तर नाव बदला. अर्थ नंतर बघा. आणि जे काही ठरेल ते आत्याला निदान दोन दिवस आधी कळवा, कारण पाळण्यात वाकून कुर्रर्र करताना चष्मा लावून चिठ्ठी वाचणं फार वाईट दिसतं.